लॉगिनच्या पडद्यापाशी अडलेला संगणक

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू केल्यावर नाव व पासवर्ड विचारणारा जो पडदा समोर येतो, तो संगणकाचाच अविभाज्य भाग आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो एक स्वतंत्र प्रोग्राम असून त्यास लॉगिन मॅनेजर अथवा डिस्प्ले मॅनेजर म्हणतात, आणि तो बदलता येतो, बंद ठेवता येतो, इतकेच काय, त्याच्यावाचूनही संगणकाचा व्यवहार सुरळीत चालू शकतो. एवढी एक गोष्ट मनात पक्की असली म्हणजे त्या पडद्यापाशी काम अडले असता होणारी निम्मी घालमेल टळते. पडदा दिसेनासा झाला, किंवा पासवर्ड देऊनही तो आत घेईनासा झाला, की आपली सर्व कागदपत्रे बुडाली असे समजून कित्येक जण संपूर्ण यंत्रणा पुसून नव्याने बसवितात, आणि ज्या फायली त्या क्षणापर्यंत पूर्णपणे शाबूत होत्या त्या स्वतःच्या हातांनी नष्ट करतात. हा अनर्थ टळावा, यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

या प्रोग्रामांचा वंश बराच जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मलेल्या एक्स विंडो प्रणालीच्या अकराव्या पिढीचे तिसरे प्रकाशन १९८८ साली झाले, तेव्हा कीथ पॅकार्ड यांनी लिहिलेला एक्सडीएम हा डिस्प्ले मॅनेजर तिच्याबरोबर आला. त्या काळी एका मोठ्या संगणकाला जोडलेली अनेक एक्स टर्मिनले निरनिराळ्या खोल्यांत असत, आणि त्या प्रत्येकासमोर बसणाऱ्या मनुष्याला ओळखून त्याचे काम त्याच्यापुढे मांडण्याची जबाबदारी कोणीतरी घेणे अवश्य होते. आज तीच जबाबदारी मुख्यतः तिघे उचलतात: ग्नोम डेस्कटॉपाबरोबर येणारा जीडीएम, केडीई प्लाझ्माबरोबर पुष्कळ ठिकाणी आढळणारा एसडीडीएम, आणि रॉबर्ट अँसेल यांनी आरंभिलेला व एक्सएफसीई, सिनॅमन यांसारख्या डेस्कटॉपांबरोबर दिसणारा लाइटडीएम. उबुंटूने २०११ साली आपल्या ११.१० या आवृत्तीत लाइटडीएम स्वीकारला, आणि २०१७ मध्ये १७.१० या आवृत्तीत तो सोडून पुन्हा जीडीएमची नेमणूक केली. सबब जुन्या मार्गदर्शिकेतील सूचना नव्या संगणकावर लागू पडत नाहीत असे वारंवार घडते, आणि वाचकाने कोणतीही सूचना अमलात आणण्यापूर्वी ती आपल्याच मॅनेजरविषयी आहे ना, याची खात्री करून घेतली पाहिजे.

लॉगिनच्या क्षणी पडद्याआड काय घडते याचा क्रम एकवार नीट समजून घ्यावा, कारण पुढील सर्व उपचार त्या क्रमावरच अवलंबून आहेत. जुन्या वाड्याच्या देवडीवर बसणारा कारकून जसा आलेल्याचे नाव विचारतो, ओळख पटविण्याचे काम दुसऱ्या अंमलदाराकडे सोपवितो, आणि ती पटली म्हणजे पाहुण्याला त्याच्या चौकात पोचता करून स्वतः पुन्हा देवडीवर येऊन बसतो, तशीच काहीशी ही व्यवस्था आहे. संगणक सुरू होताना सिस्टमडी ही मूळ यंत्रणा 'डिस्प्ले-मॅनेजर' नावाची सेवा चालू करते. ती सेवा चित्रदर्शनाचा सर्व्हर, म्हणजे जुना एक्स किंवा अलीकडचा वेलँड, उभा करून त्यावर ग्रीटर नावाचा स्वागताचा प्रोग्राम चालविते. हा ग्रीटर, सुरक्षिततेच्या दृष्टीने, अत्यल्प अधिकारांच्या एका वेगळ्या खात्याने चालतो. नाव व पासवर्ड हाती येताच तपासणीचे काम पॅम या यंत्रणेकडे जाते. तिने अनुज्ञा दिली की लॉगइनडी या सेवेच्या दप्तरी नव्या सत्राची नोंद होते. आणि सरतेशेवटी निवडलेल्या सत्राच्या फायलीत जी आज्ञा लिहिलेली असेल ती त्या वापरकर्त्याच्या नावाने व अधिकाराने चालून डेस्कटॉप उभा राहतो.

या साखळीत कडी कोठे तुटली हे पडद्यावरील लक्षणांवरूनच बहुधा कळते. पडदाच उमटला नाही, तर दोष चित्रदर्शनाच्या सर्व्हरात, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरात किंवा मॅनेजरच्या स्वतःच्या मांडणीत आहे. पडदा आला, पण पासवर्ड चुकीचा असल्याचे तो सांगतो, तर अडथळा कीबोर्डाचा किंवा पॅमचा. पासवर्ड मान्य झाला, क्षणभर अंधार झाला, आणि पुन्हा तोच पडदा समोर आला, तर मॅनेजरने आपले काम चोख बजावले असून खोट वापरकर्त्याच्या सत्रात आहे. हा तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो, आणि त्यातच लोक मॅनेजरला विनाकारण दोष देऊन तो काढतात, पुन्हा बसवितात, दुसरा आणतात, व प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन थांबतात.

दोष कोणत्याही टप्प्यावर असो, पहिले पाऊल एकच आहे. कंट्रोल व ऑल्ट या कळा दाबून ठेवून एफ३ ही कळ दाबावी, म्हणजे चित्रांवाचून केवळ अक्षरांचा असा कन्सोल समोर येतो. तेथे आपले नाव व पासवर्ड देऊन आत जाता आले, तर खाते जिवंत आहे, पासवर्ड खरा आहे, आणि फायली आपल्या हातात आहेत. त्या घटकेपासून घाई करण्याचे काही कारण उरत नाही. हवे असल्यास प्रथम महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्या, आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. ज्यांनी संगणकाची भाषा मराठी ठेवली आहे त्यांना या कन्सोलवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतील; तेथील अक्षरसंच देवनागरी दाखवू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ असून, 'एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी' अशी आज्ञा देताच पुढील संदेश इंग्रजीत येऊ लागतात. या लेखात आज्ञा व फायलींची नावे देवनागरीत लिहिली असली तरी संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकावयाची आहेत, आणि लहानमोठ्या अक्षरांचा भेद तेथे काटेकोर पाळला जातो, हे ध्यानात असावे.

कन्सोलवर गेल्यावर 'सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर' ही आज्ञा द्यावी. सध्या कोणता मॅनेजर नेमलेला आहे, तो चालू आहे की पडला आहे, आणि त्याचे अखेरचे उद्गार काय होते, हे तिच्या उत्तरात दिसते. अधिक तपशील हवा असेल तर 'जर्नलसीटीएल -बी' या आज्ञेने या वेळच्या सुरुवातीपासूनचा सर्व रोजनामा वाचता येतो, व तिला '-यू' हा पर्याय आणि मॅनेजरचे नाव जोडल्यास केवळ त्या मॅनेजरच्या नोंदी मिळतात. लाइटडीएम याशिवाय 'व्हार/लॉग/लाइटडीएम' या निर्देशिकेत स्वतःच्या नोंदवह्या ठेवतो, आणि वापरकर्त्याच्या एक्स सत्रातील तक्रारी पुष्कळदा त्याच्या घरच्या निर्देशिकेतील '.एक्ससेशन-एरर्स' या फायलीत उतरलेल्या असतात. रोजनामा वाचण्याचा कंटाळा हेच लांबलेल्या बहुतेक दुरुस्त्यांचे खरे कारण असते. ज्या ओळीत पहिली चूक नोंदली गेली ती ओळ सापडली म्हणजे पुढच्या शंभर ओळी तिच्याच परिणामांच्या निघतात.

आता सत्रात जाऊन परत येण्याच्या त्या चक्राकडे वळू. त्याची परीक्षा करण्याची सर्वोत्तम रीत ही, की कन्सोलवरून एक नवे, कोरे खाते निर्माण करावे आणि पडद्यावरून त्या खात्याने प्रवेश करून पाहावा. नवे खाते आत गेले, तर यंत्रणा निर्दोष असून बिघाड जुन्या खात्याच्या घरातच आहे हे सिद्ध झाले. परीक्षेचा निकाल काहीही लागो, प्रथम डिस्कवर जागा शिल्लक आहे का, हे 'डीएफ -एच' या आज्ञेने पाहावे. डेस्कटॉपाला सुरू होताना अनेक लहान फायली लिहाव्या लागतात, आणि जागाच नसेल तर तो तेथेच कोसळतो. अक्षरांच्या कन्सोलला असे काही लिहिण्याची गरज नसल्यामुळे तो मात्र बिनतक्रार आत घेतो. ईएक्सटी४ या फाइल प्रणालीत पाच टक्के जागा सामान्यतः रूट या सर्वाधिकारी खात्यासाठी राखून ठेवलेली असते, त्यामुळे भरलेल्या डिस्कवरही रूटचे काम चालते आणि सामान्य वापरकर्त्याचे अडते, हेही या ठिकाणी लक्षात घेण्याजोगे आहे. कचरापेटी रिकामी करणे, पॅकेजांचा जुना साठा काढणे, 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ' या आज्ञेने रोजनाम्याचा आकार मर्यादित करणे, एवढ्याने बहुधा श्वास घेण्यापुरती जागा होते.

जागा पुरेशी असूनही चक्र सुटत नसेल, तर घरच्या निर्देशिकेत 'एलएस -एलए' ही आज्ञा देऊन फायलींचे मालक कोण ते पाहावे. एखादा चित्रमय प्रोग्राम किंवा स्वतः एक्स सर्व्हर 'सुडो' लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालविला असता '.एक्सऑथॉरिटी' ही परवान्याची फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते. पुढच्या वेळी वापरकर्त्याचे सत्र ती उघडू पाहते, त्यास मज्जाव होतो, आणि परवान्यावाचून एक्स सर्व्हर त्याला दाराशीच थांबवितो. लाइटडीएमसारखे जे मॅनेजर ही फाइल घरच्या निर्देशिकेत ठेवतात त्यांच्या बाबतीत हा बिघाड विशेषेकरून संभवतो. 'सुडो चोन' या आज्ञेने तिची मालकी परत आपल्या नावे करावी, किंवा तिचे नाव बदलून ती बाजूस ठेवावी. नवी फाइल आपोआप तयार होते. '.आयसीईऑथॉरिटी' या फायलीचीही गत हीच. 'टेम्प' निर्देशिकेचे अधिकार १७७७ असावे लागतात. ते कोणी बदलले असतील तर कोणाचेच सत्र उभे राहत नाही, आणि अशा वेळी नवे परीक्षा-खातेही आत जाणार नाही. येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते, ती ही की अधिकारांचा घोटाळा दिसताच संपूर्ण घराला ७७७ असे सर्वमुक्त अधिकार देऊन टाकण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, तो कदापि करू नये. त्याने आपली खाजगी कागदपत्रे त्या संगणकावरील प्रत्येक खात्यास वाचावयास व बदलावयास मोकळी होतात, आणि एसएसएचसारख्या यंत्रणा अशा उघड्या घरातील किल्ल्या स्वीकारण्याचेच नाकारतात.

याच घरात '.प्रोफाइल' व '.एक्ससेशनआरसी' यांसारख्या फायली असतात, ज्या सत्राच्या आरंभी वाचल्या जातात. त्यांत कोणी चुकीची ओळ घातली असेल, 'पाथ' या चलाची किंमत वाढविण्याऐवजी पार बदलून टाकली असेल, किंवा एखादी 'एक्झिट' ही आज्ञा राहून गेली असेल, तर सत्र जन्मताच संपते. या फायलींची नावे बदलून प्रयत्न करून पाहणे सोपे आहे. आणखी एक संभव असा, की पूर्वी निवडलेला डेस्कटॉप आता काढून टाकला आहे, पण मॅनेजरने ती निवड आठवणीत ठेवली आहे. पडद्यावरील दातेरी चक्राच्या चिन्हावर किंवा सत्रांच्या यादीवर क्लिक करून दुसरे सत्र निवडताच ही अडचण मिटते. त्या यादीत काय दिसावे हे 'यूएसआर/शेअर' या निर्देशिकेतील 'एक्ससेशन्स' व 'वेलँड-सेशन्स' या दोन कप्प्यांतील फायली ठरवितात.

काळ्या पडद्याचे प्रकरण निराळे असते, आणि त्याचा उगम अनेकदा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरात सापडतो. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, अद्ययावत झाला, पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्या नव्या कर्नलसाठी तयार झाला नाही, असे झाले की मॅनेजर चालू असूनही चित्र उमटत नाही. संगणक सुरू होताना ग्रब या बूटलोडरच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहावा. किंवा यादीतील पहिल्या ओळीवर 'ई' ही कळ दाबून, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' असे लिहावे आणि एफ१० ने पुढे जावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, त्यामुळे तो करण्यात धोका नाही. कन्सोलही उघडत नसेल तर त्याच ओळीच्या शेवटी 'सिस्टमडी.युनिट=मल्टी-यूझर.टार्गेट' असे लिहिल्यास लॉगिन मॅनेजर मुळीच सुरू न होता संगणक थेट अक्षरांच्या कन्सोलवर येतो. वेगवान एसएसडी असलेल्या काही संगणकांवर लाइटडीएम ग्राफिक्सच्या ड्रायव्हरापूर्वीच जागा होतो व अपयशी ठरतो; त्याच्या मांडणीच्या फायलीत 'लाइटडीएम' या विभागाखाली 'लॉगइनडी-चेक-ग्राफिकल=ट्रू' अशी ओळ घातली म्हणजे तो ड्रायव्हर तयार होईपर्यंत थांबतो. जीडीएमच्या बाबतीत वेलँडमुळे अडचण येत असल्याचा संशय असेल, तर त्याच्या मांडणीत 'वेलँडइनेबल=फॉल्स' अशी ओळ लिहून तो एक्सवर चालविण्याचा उपाय पूर्वी हमखास सांगितला जाई; तथापि ग्नोमच्या अलीकडच्या आवृत्त्या एक्सचा आधार सोडीत असल्यामुळे त्यावर यापुढे विसंबू नये.

पासवर्ड नाकारला जाण्यामागे मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत एक खास कारण असते, आणि त्याचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत सहसा आढळत नाही. यंत्रणा बसविताना ज्यांनी मराठी इन्स्क्रिप्ट हाच एकमेव कीबोर्ड निवडला, त्यांच्या लॉगिनच्या पडद्यावरही तोच लागू होतो. पासवर्ड ठिपक्यांनी झाकलेला असल्यामुळे रोमन अक्षरांऐवजी देवनागरी वर्ण उमटत आहेत हे दिसत नाही, आणि बरोबर पासवर्ड दहादा टंकूनही तो चुकीचाच ठरतो. पडद्याच्या कोपऱ्यात कीबोर्डाचे चिन्ह असेल तर त्यावरून इंग्रजी निवडावे. कायमचा उपाय म्हणजे यंत्रणेच्या मांडणीत इंग्रजी प्रथम व मराठी दुसरी असे दोन्ही कीबोर्ड ठेवणे. डेबियन व उबुंटूवर हे 'ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड' या फायलीत लिहिलेले असते, आणि अन्यत्र 'लोकेलसीटीएल' या आज्ञेच्या 'सेट-एक्स११-कीमॅप' या पर्यायाने ते ठरविता येते. शंका असल्यास पासवर्ड प्रथम नावाच्या चौकटीत टंकून अक्षरे कोणती उमटतात ते पाहावे व लगेच पुसून टाकावे, अर्थात शेजारी कोणी नसताना. कॅप्स लॉक व नम लॉक यांची तपासणी करावयाची ती याच वेळी.

कीबोर्ड निर्दोष असूनही नकार येत असेल, तर अनेक चुकीच्या प्रयत्नांमुळे खात्याला तात्पुरते कुलूप लागले असण्याचा संभव असतो. फेडोरा, आर्च इत्यादींवर पॅमचा 'फेललॉक' हा घटक असतो. त्याची मूळ मांडणी कायम असेल तर तीन चुकांनंतर तो खाते दहा मिनिटे बंद ठेवतो. दहा मिनिटे स्वस्थ बसावे, किंवा रूटच्या अधिकाराने 'फेललॉक --यूझर' या आज्ञेपुढे खात्याचे नाव व '--रीसेट' लिहून कुलूप काढावे.

मॅनेजरची मांडणी बदलावयाची तर प्रत्येकाची फाइल वेगळी. जीडीएमची फाइल उबुंटूवर 'ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ', डेबियनवर त्याच निर्देशिकेत 'डीमन.कॉन्फ', आणि फेडोरावर 'ईटीसी/जीडीएम/कस्टम.कॉन्फ' अशी असते. लाइटडीएमची मुख्य फाइल 'ईटीसी/लाइटडीएम/लाइटडीएम.कॉन्फ', पण तो अनेक ठिकाणच्या फायली एकामागून एक वाचतो, म्हणून अखेरीस कोणती आज्ञा खरी ठरली हे 'लाइटडीएम --शो-कॉन्फिग' या आज्ञेने पाहून घ्यावे. एसडीडीएमसाठी 'ईटीसी/एसडीडीएम.कॉन्फ.डी' या निर्देशिकेत आपली स्वतंत्र लहान फाइल ठेवणे चांगले, म्हणजे अद्ययावतीकरणात ती पुसली जात नाही व चूक झाल्यास तेवढीच फाइल काढून टाकता येते. शाळेतील किंवा वाचनालयातील सामायिक संगणकावर सर्व खातेदारांची नावे पडद्यावर झळकू देणे प्रशस्त नव्हे; लाइटडीएममध्ये 'सीट:*' या विभागात 'ग्रीटर-हाइड-यूझर्स=ट्रू' अशी ओळ त्यासाठी आहे, आणि जीडीएममध्ये डीकॉन्फच्या द्वारे 'डिसेबल-यूझर-लिस्ट' ही किल्ली लावता येते.

पासवर्डावाचून थेट आत नेणाऱ्या स्वयंचलित लॉगिनविषयी माझे मत स्पष्ट आहे: संपूर्ण डिस्क कूटबद्ध असून संगणक सुरू होतानाच तिचा पासवर्ड द्यावा लागत असेल, आणि संगणक एकाच व्यक्तीच्या घरात असेल, तरच ते ठेवावे. शिवाय त्याचा एक आनुषंगिक त्रास असा, की ग्नोमची कीरिंग, जीत वाय-फाय व इतर पासवर्ड जतन केलेले असतात, ती लॉगिनच्या पासवर्डानेच उघडते. तो दिलाच गेला नाही म्हणजे आत गेल्यावर कीरिंग तो वेगळा मागू लागते. कन्सोलवरून रूटच्या अधिकाराने 'पासडब्ल्यूडी' ही आज्ञा देऊन खात्याचा पासवर्ड बदलला असता हाच अनुभव येतो, कारण कीरिंगचा पासवर्ड जुनाच राहिलेला असतो व तो तिच्याच खिडकीत स्वतंत्रपणे बदलावा लागतो.

एक मॅनेजर सोडून दुसरा नेमावयाचा असेल, तर डेबियन व उबुंटूवर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' या आज्ञेपुढे सध्याच्या मॅनेजरचे नाव लिहावे. ती यादी दाखवून निवड विचारते व 'ईटीसी/एक्स११/डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर' या फायलीत तिची नोंद करते. अन्यत्र 'सिस्टमसीटीएल डिसेबल' ने जुना व 'सिस्टमसीटीएल इनेबल' ने नवा असा क्रम ठेवावा, कारण 'डिस्प्ले-मॅनेजर' या नावाचा दुवा एका वेळी एकाकडेच असू शकतो. त्यानंतर 'सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट' याचे उत्तर 'ग्राफिकल.टार्गेट' असे आहे ना, ते पाहावे. नसल्यास नवा मॅनेजर कितीही निर्दोष असला तरी तो सुरूच होणार नाही. जुना मॅनेजर मात्र त्याच दिवशी काढून टाकू नये. दोन-चार वेळा संगणक बंद करून, झोपवून, पुन्हा जागा करून, बाहेरचा मॉनिटर लावून पाहावे, घरातील प्रत्येक खात्याने एकदा आत-बाहेर करावे, आणि एवढे झाल्यावरच जुन्याचे पॅकेज काढावे. तोपर्यंत तो डिस्कवर असला तर थोडी जागा अडवील इतकेच, आणि गरज पडल्यास त्याच आज्ञेने तो पुन्हा कामावर रुजू करता येईल.